पायलचे दहा डोस

सरकारी दवाखान्यात डॉक्टरचं नाव लोकांना ठाऊक असतं, सिस्टरचा स्वभाव ठाऊक असतो. औषधाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईचे मात्र फक्त हातच लोकांनी पाहिलेले असतात. बत्तीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसले. हुद्दा औषधनिर्माण अधिकारी असा भारदस्त होता, पण गावात मी 'गोळीवाल्या बाई' होते. कुणी 'बाई, मागच्या टायमाच्या लाल गोळ्या द्या, पिवळ्या नोको' म्हणायचं, कुणी स्वतःला बरं वाटत असताना शेजारणीसाठी खोकल्याचं औषध मागायचं. एक आजोबा दर सोमवारी येऊन बीपीच्या गोळ्या घ्यायचे आणि त्या बिनचूक बैलाला चारायचे. बैल अशक्त झालाय, असं त्यांचं म्हणणं. हे आम्हाला कळायला चार महिने लागले. आजोबांचं बीपी तोवर वाढलेलंच होतं.

हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण निवृत्त झाल्यावर कुणी 'काय केलं हो एवढी वर्षं?' असं विचारलं की मला एकच पोरगी आठवते. तिचं नाव पायल.

ते साल स्वाईन फ्लूचं होतं. आमच्या जिल्ह्यात कापसाचीही ती वर्षं वाईट होती. भाव नव्हता, म्हणून लोकांनी माल विकला नव्हता. तांड्यावर, खेड्यावर ज्या घरात एकच खोली, त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा आणि पोरंबाळं त्याच ढिगावर झोपायची. अंगाला खाज सुटायची, खोकला यायचा. त्यामुळे त्या हिवाळ्यात खोकलणाऱ्या लेकराकडे कुणी फारसं लक्षच दिलं नाही. 'कापसाचा फुफाटा गेला असन नाकात,' एवढं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

फ्लूवरचं औषध आमच्याकडे आलं होतं. ओसेल्टामिविर असं त्याचं नाव. ते विषाणूला शरीरात पसरू देत नाही, पण आजार सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत दिलं तर त्याचा खरा उपयोग. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, म्हणजे दहा डोस. मोठ्या माणसाला सोपं आहे, पंचाहत्तर मिलिग्रॅमची कॅप्सूल गिळली की झालं. लहान लेकराचा डोस मात्र वजनावर ठरतो. पंधरा किलोपर्यंतच्या लेकराला तीस मिलिग्रॅम, त्यावर तेवीसपर्यंत पंचेचाळीस. लहान मुलांचं पातळ औषध यवतमाळहून यायचं होतं आणि येत नव्हतं. कपाटात होत्या फक्त मोठ्यांच्या कॅप्सूली.

मग उपाय एकच. कॅप्सूल उघडायची, भुकटी वाटीत पाडायची, त्यात मोजून पाच मिली पाणी घालायचं, ढवळायचं आणि त्यातलं लेकराच्या वजनाप्रमाणे दोन किंवा तीन मिली सिरिंजने ओढून घ्यायचं. सिरिंज म्हणजे इंजेक्शनचीच, सुई काढून टाकलेली. उरलेलं फेकून द्यायचं. कागदावर चार ओळींचं काम. मी ते कागदावरच्यासारखंच सांगितलं आणि तिथेच चुकले.

पहिला आला तो पाच वर्षांच्या मुलाचा बाप. माझ्या खिडकीपुढे रांग बाहेरच्या लिंबापर्यंत गेलेली. मी भराभर सांगितलं, "कॅप्सूल उघडा, पाच मिली पाण्यात मिसळा, त्यातलं तीन मिली दिवसातून दोनदा पाजा. समजलं?" तो म्हणाला, "समजलं." रांगेत उभा राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार? घरी त्याने पाच मिली केलं आणि पाचही मिली पाजलं. पोराने दिवसभर उलट्या काढल्या. तिसऱ्या दिवशी बाप पोराला घेऊन आला तेव्हा पोराचे डोळे खोल गेले होते. सलाईन लावल्यावर पोरगं सावरलं, पुढे बरंही झालं.  जाताना बाप फक्त म्हणाला, "बाई, तुमी सांगतलं थे बराबरच असन. माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'समजलं?' हा प्रश्न मी त्या दिवसापासून सोडून दिला. खिडकीच्या आत एक स्टूल ठेवलं, वाटी, सिरिंज आणि पाण्याचा तांब्या ठेवला. आणि ठरवलं की यापुढे औषध हातात द्यायच्या आधी आईबापाने ते माझ्यासमोर करून दाखवायचं. रांग थांबली तर थांबली.

यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सुनीता आली. तांडा आमच्यापासून अकरा किलोमीटर. ती आणि तिची सासू गोमलीबाई काळीपिवळी जीपमधून उतरल्या, आणि सुनीताच्या खांद्यावर तीन वर्षांची पायल होती. ताप, नाकातून पाणी, श्वास जोरजोरात. आमचे डॉक्टर नुकतेच नोकरीला लागलेले, वय सव्वीस, चेहरा बाविशीचा. पण पोरगा हुशार. त्यांनी घशाचा नमुना घेतला, रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं ठरवलं आणि पायलला दोन दिवस ॲडमिट करून घेतलं.

"कधीपासून ताप आहे?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारपासून," सुनीता म्हणाली.

"फुफाट्यानं झालं बापा थे," गोमलीबाई मधेच म्हणाली. "घरात कापूस हाय. मी म्हणो, कायले दवाखान्यात नेतं?"

"मीच आणली," सुनीता म्हणाली. एवढंच म्हणाली आणि सासूकडे पाहिलंही नाही.

चिठ्ठी माझ्याकडे आली. वजन सोळा किलो, डोस पंचेचाळीस मिलिग्रॅम. मी सिस्टरकडे कॅप्सूली द्यायला वॉर्डात गेले तेव्हा सुनीता केस बांधत होती, म्हणून तिने पोरीला माझ्याकडे दिलं. मी पायलला उचललं आणि थबकले.

माझी आई नेरकडच्या शेतांत कापूस वेचायला जायची. मजुरी वजनावर. आम्ही बहिणी शाळा सुटल्यावर तिच्या मदतीला जायचो आणि ओटीतला कापूस गाठोड्यात टाकून डोक्यावर वाहायचो. वजन करणारा किती सांगतो, त्याच्या आधी आमच्या हाताला कळलेलं असायचं. आई म्हणायची, "सांग बरं किती हाय," आणि मी सांगितलेलं अर्धा किलोही इकडे तिकडे होत नसे. बाबासाहेबांच्या माणसांनी शिकायचं, असा घरात दंडकच होता, म्हणून मी शिकले आणि फार्मसीला गेले. पण हाताचं शिक्षण त्याच्या आधीचं.

पायल सोळा किलोची नव्हती.

मी डॉक्टरांकडे गेले. "सर, या पोरीचं वजन पुन्हा करा."

"केलंय ना मॅडम. सोळा."

"ही तेराच्या आतबाहेर आहे."

ते हसले. "मॅडम, काटा खोटं बोलतो का?"

"आपला बोलतो आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतः काट्यावर चढले. काट्याने त्यांना एकाहत्तर दाखवलं. "मी अडुसष्ट आहे," ते हळूच म्हणाले. आमचा काटा तीन किलो जास्त दाखवत होता आणि कधीपासून, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसरा काटा दवाखान्यात नव्हता. पण रस्त्याच्या पलीकडे कापूस खरेदीचं केंद्र होतं आणि तिथे इलेक्ट्रॉनिक काटा होता. भाव नसल्यामुळे केंद्रावर शुकशुकाट. मापारी हमीदभाई एकटेच खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी, डॉक्टर, सुनीता, खांद्यावर पायल आणि मागून कुरकुरत गोमलीबाई, अशी आमची वरात तिथे पोचली.

"हमीदभाई, वजन करून द्या."

"माल कुठं हाय?" त्यांनी आमच्या मागे गाडी आहे का बघितलं.

"हा काय," मी पायलकडे बोट दाखवलं.

हमीदभाई उठले. आधी खिशातल्या रुमालाने काट्याची पाटी पुसली. मग पाच किलोचं माप ठेवून काटा बरोबर आहे हे आम्हाला दाखवलं. "लेकराचं काम हाय, चेक करून घेतलेलं बरं." पायल एकटी उभी राहीना, म्हणून सुनीता तिला घेऊन उभी राहिली, मग पोरगी माझ्याकडे देऊन एकटी उभी राहिली. दोन आकड्यांतला फरक निघाला बारा किलो आठशे ग्रॅम.

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं पंचेचाळीस खोडलं आणि तीस लिहिलं. खाली सही केली. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही अडवलं म्हणून वाचलो."  परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दवाखान्याच्या काट्यावर 'बंद' असा कागद चिकटवला. नवा काटा येईपर्यंत तीन आठवडे आमच्या दवाखान्यातली सगळी लेकरं हमीदभाईंकडे मोजली गेली. एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही. शेवटी शेवटी तर त्यांनी काट्यावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती.

आता डोस तीस, म्हणजे दोन मिली. मी सुनीताला स्टुलावर बसवलं आणि एकदा करून दाखवलं. मग म्हणाले, "आता तू कर."

"मले नाई जमणार."

"मी बसले आहे ना इथे."

तिने कॅप्सूल हातात घेतली. पहिल्यांदा जोरात ओढली, अर्धी भुकटी लुगड्यावर. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी दिली. या वेळी तिने कॅप्सूल उभी धरली, बोटाने हळूच टिचकी मारून भुकटी खाली बसवली आणि मग वरचं टोपण काढलं. टिचकीचं मी सांगितलं नव्हतं. पाणी पाचच्या रेघेपर्यंत, वाटीत घातलं, ढवळलं, दोनच्या रेघेपर्यंत ओढलं. रेघ डोळ्यांसमोर आणून बघितली.

"बराबर?"

"बरोबर."

पायलने ते औषध तोंडात घेतलं आणि थेट माझ्या चष्म्यावर उडवलं. हे औषध कडू असतं, चांगलंच कडू. मी म्हणाले, साखरेच्या पाकात मिसळून देऊ. पण जास्त पाकात नाही, कारण लेकराने अर्धं सोडलं तर डोसही अर्धाच गेला. सुनीता म्हणाली, "बाई, गूळ चालते काय?" मी डॉक्टरांना विचारलं, चालतो म्हणाले. तिने समोरच्या हॉटेलातून गूळ आणला, चमचाभर घट्ट पाक केला, थोडा पायलच्या जिभेवर आधी लावला. पोरगी चाटायला लागली तशी गुळात कालवलेलं औषध सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडलं, आणि वर पुन्हा गूळ. पायलने सगळं गिळलं आणि आणखी मागितलं.

आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. गोमलीबाई तेवढी म्हणाली, "उरलेलं कायले फेकलं? चांगलं औषध होतं."

मी म्हणाले, "आजी, ते टाकायचंच असतं." आणि पुढच्या कामाला लागले. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांत ताप उतरला, श्वास सुधारला. चार डोस वॉर्डात झाले, सहा उरले. सहा कॅप्सूली, दोन सिरिंजा, एक लहान वाटी बांधून दिली. घड्याळ घरात नव्हतं, म्हणून वेळ ठरवली शेतात निघायच्या आधी आणि दिवेलागणीला. उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही, शेजारच्या मोबाईलवरून आम्हाला विचारायचं. हे सगळं सुनीताने मला परत म्हणून दाखवलं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावरची एक बाई स्वतःच्या गोळ्या घ्यायला खिडकीशी आली. सहज म्हणाली, "बाई, तुमचं औषध लय गुणाचं हाय म्हणे. गोमलीबाई सांगून राह्यली, उरलेलं ठेवून देल्लं म्हणे, बारक्याले पाजते."

बारक्या म्हणजे पायलचा भाऊ. आठ महिन्यांचा, ते दोन दिवस तांड्यावर शेजारणीकडे ठेवलेला.

 आठ महिन्यांच्या पोराला त्या पायलच्या उरलेल्यातलं किती जाणार, कोण मोजणार? शिवाय उघडून ठेवलेलं, कालचं. तांड्यावरच्या मोबाईलवर फोन लावून पाहिला, तर नेमकी रेंज नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, खिडकी सिस्टरच्या ताब्यात दिली आणि स्कूटी काढली. अकरा किलोमीटर रस्ता मी त्याआधी कधी स्कूटीने गेले नव्हते. त्यातले चार तर रस्ताच नव्हते.

तांड्यावर पोचले तेव्हा घराच्या ओट्यावर गोमलीबाई मांडीवर बारक्याला घेऊन बसली होती. सुनीता दारात उभी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या हे लांबूनच कळत होतं.

"पाजलं का?" मी स्कूटीवरूनच ओरडले.

"नाई पाजू देल्लं," सुनीता म्हणाली. "फळीवर झाकून ठेवलतं. मले दिसलं. मी चुलीतली राख टाकली त्याच्यात अन् ओतून देल्लं. आता दर टायमाले तसंच करतो. डोस भरला का वाटीत राख. मंग कोनी पेत नाई."

मी स्कूटी लावायलाही विसरले. ती कलंडली.

हे मला सुचलं नव्हतं. कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. फेकायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी जपून ठेवणारच, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी ज्या घरात वाढले तिथेही काही फेकलं जात नसे.

पण त्या क्षणी मी रागात होते आणि तो राग गोमलीबाईवर निघाला. "आजी, पोराला मारायचं होतं का?" असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं.  त्या म्हातारीने बारक्याचं नाक पदराने पुसलं. "यालेबी शिंका येऊन राह्यल्या," ती म्हणाली. "मले वाटलं, एकीले गुण आला, त याले काहून नाई? तुमी सांगतलं त होतं, टाका. काहून टाका, थे नाई सांगतलं."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले. मग नीट सांगितलं. हे पाणी पायलच्या वजनाचं आहे. बारक्याचं वजन निराळं, वय निराळं. त्याला औषध लागतं की नाही हेच आधी डॉक्टरांनी ठरवायचं. आणि पाण्यात कालवलेलं हे औषध ठेवून टिकत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तवाच सांगतलं असतं त तुमाले एवढ्या दूर यायचं काम नव्हतं."

बारक्याला आणि तिला मी काळीपिवळीत बसवून दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, दूध नीट पितो, श्वास चांगला. साधी सर्दी. औषध काही नाही, ताप आला किंवा दूध सोडलं तर लगेच आणा. गोमलीबाईचा आमच्यावर विश्वास बसला तो या दिवशी. डॉक्टर असून औषध दिलं नाही, म्हणजे खरं बोलतो, असं तिने तांडाभर सांगितलं.

पायलचा दहावा डोस संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सुनीता तिला दाखवायला घेऊन आली. पोरगी खिडकीचा कठडा धरून उभी राहिली आणि माझ्याकडे गूळ मागायला लागली. बत्तीस वर्षांत माझ्याकडे अनेकांनी अनेक औषधं मागितली, पण या औषधासाठी हट्ट धरलेली ही एकटीच.

त्या पंधरा दिवसांत तांड्यावर आणखी पाच लेकरांना ताप आला. पाचही पहिल्याच दिवशी दवाखान्यात आली, कारण सुनीता घरोघरी जाऊन सांगत होती, फुफाटा म्हणून घरी बसू नका. पाचही हमीदभाईंकडे मोजली गेली. आणि औषध न्यायला आलेल्या प्रत्येक आईबरोबर सुनीता स्वतः यायची. मी करून दाखवायच्या आधीच ती बजावायची, "कापसूल उभी धर. टिचकी मार." पाचही लेकरं बरी झाली. मी त्या पाच चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवल्या होत्या. सरकारी कागद घरी न्यायचा नसतो, नाहीतर आज त्या माझ्याकडे असत्या.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सेस आणि आशांचं प्रशिक्षण होतं. लहान मुलांना कॅप्सूलमधून डोस कसा द्यायचा, हे मी दाखवावं असं ठरलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "सुनीताला नेऊ." ते म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो." तिच्या जाण्यायेण्याचं त्यांनी पाहिलं.

सभागृह भरलेलं. स्टेजवर टेबल, टेबलावर वाटी, पाणी, सिरिंज, गुळाची डबी. सुनीता ठेवणीतल्या लुगड्यात, डोक्यावर पदर. सुरुवातीला आवाजच फुटेना. मग तिने कॅप्सूल हातात घेतली आणि हात चालू लागल्यावर तोंडही चालू झालं. शेवटी वाटीत राख टाकून दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतल्या नर्स बघायला उभ्या राहिल्या.

एका मोठ्या साहेबांनी विचारलं, "ताई, किती शिकलात?"

"चौथी."

"मग हे मिली वगैरे कसं लक्षात राहिलं?"

सुनीता जराशी गोंधळली. मग म्हणाली, "साहेब, रेघ पाहाले शाळा कायले पाहिजे? दोनच्या रेघीच्या वर गेलं त ज्यादा, खाली राह्यलं त कमी. लेकरू आपलं असलं का रेघ दिसते."

सभागृहात हशा आणि टाळ्या. साहेबही हसले, स्टेजवर आले, म्हणाले, "बघू, मी करतो." त्यांनी कॅप्सूल उघडली, पाणी मोजलं, औषध सिरिंजमध्ये दोनपर्यंत ओढलं आणि सगळ्यांना दिसेल अशी ती उंच धरली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

सुनीताने टाळी वाजवली नाही. ती सिरिंजकडे बघत होती. पदर सावरत एक पाऊल पुढे आली.

"साहेब, बुडबुडा राह्यला आत," ती म्हणाली. "कमी भरलं. फिरून करा."

 साहेबांनी सिरिंज उजेडाकडे धरली, बघितलं, आणि औषध पुन्हा वाटीत सोडलं. दुसऱ्यांदा सावकाश ओढलं. मग सिरिंज तिच्या डोळ्यांसमोर धरून थांबले.

सुनीताने वाकून रेघ पाहिली. "आता पाजा," ती म्हणाली.